पाटाखालचा टेकू

निघोजे,
९ फेब्रुवारी २०२५

समाधान,

रामराम आणि जय भीम.

तुझे कान पुरते गेले त्या दिवशी तू म्हणाला होतास, "हिंदुराव, आता ऐकायचं खातं तुझ्याकडं." ते खातं मी इमानदारीनं चालवतोय. भोसरीच्या त्या पत्राकामाच्या प्रेस शॉपच्या दणदणाटात आपण एकाच मशीनवर हेल्पर होतो. तू शेवटपर्यंत राहिलास, मी लवकर बाहेर पडून मालाखालची लाकडी पॅलेट ठोकायला लागलो, म्हणून माझे कान वाचले. मोबाईलवर लिहिलं तर तू वाचत नाहीस, म्हणतोस त्यात माणसाचा हात दिसत नाही. तर हा घे हात. आमचा ड्रायव्हर गणराज पिकअप घेऊन देहूरोडकडं निघालाय, त्याच्याकडं देतोय.

परवा चाकणच्या एका कंपनीनं पुरवठादारांचा मेळावा भरवला. आम्ही लाकूडवाले, पुठ्ठेवाले, नटबोल्टवाले, सगळे इस्त्रीचे शर्ट घालून. टेबलावर एक वस्तू ठेवली होती. लाकडाच्या दोन फळ्या, एक खाली, एक वर. मध्ये एकमेकींना न शिवणाऱ्या दोन वाकड्या पट्ट्या, बाकी फक्त दोऱ्या. दोऱ्यांवर फळी उभी, समाधान! तिच्यावर फुलदाणी. दोरीनं माल बांधतात, टांगतात, हे मला कळतं. दोरीवर उभा राहिलेला माल मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

माझ्या मागचा म्हणाला, "लोहचुंबक असणार." त्याच्या मागचा म्हणाला, "काच हाय आतून, दिसत न्हाई." साहेब माईकवर म्हणाले, "हेच आपलं नातं. कुणी कुणावर टेकलेलं नाही, तरी सगळे भक्कम उभे." टाळ्या. नंतर जेवणाच्या रांगेत तेच साहेब वाढप्याच्या कानाला लागले, "ह्या पॅलेटवाल्यांना जरा मागं धर, आधी आपली माणसं होऊ देत." मी त्यांच्यापासून चांगला लांब होतो. पण हे कान! ताट तसंच ठेवून परत आलो.

पण ती वस्तू डोक्यातून जाईना. कशी उभी राहते ते सांग. मला करायचीय.

तुझा,
हिंदुराव


देहूरोड,
१४ फेब्रुवारी

हिंदुराव,

जय भीम.

साहेब काय बोलला ते लिहायला पान घालवलंस आणि वस्तूचं चित्र काढलं नाहीस. तरी कळलं.

तू चुकलास कुठं ते ऐक. वरची फळी उभी नाही. ती टांगलेली आहे. विहिरीत घागर टांगतात तशी. खालच्या फळीतून एक हात वर येतो आणि शेवटी आत वळतो. वरच्या फळीतून दुसरा हात खाली येतो, तोही आत वळतो. खालून आलेल्या हाताचं टोक वर राहतं, वरून आलेल्याचं टोक त्याच्या खाली. ह्या दोन टोकांमध्ये एक आखूड दोरी. सगळं वजन तिच्यावर. कोपऱ्यांतल्या बाकीच्या दोऱ्या वजन उचलत नाहीत, फळीला कलंडू देत नाहीत एवढंच त्यांचं काम.

नायलॉन घेऊ नकोस, ताणलं की सरकत राहतं. सुती दोरी घे, पिळाची. ती पाण्यानं आखडते आणि आणखी ताठ होते, सुकली की परत जागेवर येते. कोपऱ्यातल्या प्रत्येक दोरीला लाकडी खुंटी ठेव, म्हणजे पिळून ताण देता येईल. ताण कळायला बोट टेकवून दोरी छेड. सगळ्या सारख्या थरथरल्या पाहिजेत.

मध्ये काहीही ठोकू नकोस. तुम्हा पॅकिंगवाल्यांना ती खोड असते.

आणि समजावून घ्यायला इकडं येऊ नकोस. मागच्या वेळी आलास तेव्हा तासभर तुझ्या मिशा हलताना पाहिल्या, कळलं काही नाही. लिहीतच जा.

समाधान


निघोजे,
२ मार्च

समाधान,

उभा राहिला!

पहिला पाट पडला. दुसरा कलंडला. तिसऱ्याच्या वेळी मी चहाला गेलो आणि येऊन बघतो तर पाट कसा ताठ, हलता हलेना. मी हरखलो. वखारीतल्या कोंडाजीला विचारलं, तर तो छातीवर हात ठेवून म्हणतो, "मालक, मधी ठोकळा मारलाय. वाटंत हादरा बसला तर?" अरे, वाट कसली? कुठं पाठवायचाय? पण आमच्या वखारीतून टेकू लावल्याशिवाय माल बाहेर जात नाही, हे त्याच्या हाडात गेलंय. दोष त्याचा नाही, मीच शिकवलंय. ठोकळा काढला, पाट पडला. तुझी वहिनी शालन खिडकीतून म्हणाली, "त्यापरास चार पाय लावा की. पाटाला पाय असत्यात."

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. कोपऱ्यातल्या खुंट्या पिळत गेलो. बोटाला काही कळेना, माझी बोटं तुझ्यासारखी नाहीत, खिळ्यांनी मेलेली. पण दोरी छेडली की कानाला कळतं. एक जरा जाड वाजत होती, तिला पिळलं. दुसरी चिरकत होती, तिला सैल केलं. सगळ्या एका सुरात आल्या आणि मी हात काढला. उभा! पॅलेटच्या देवदाराचा पाट, हवेत. त्यावर वीट ठेवली. पेलली.

रणजीत आला. तुला माहीतच आहे, चिरंजीव सध्या समाजकारणात आहेत. निवडणूक कधी लागते याची वाट बघत रोज कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा केक कापतात. बराच वेळ पाट न्याहाळला. वीट उचलून बाजूला ठेवली, तिथं नारळ ठेवला. मागं सरून मोबाईलमधून पाहिलं आणि म्हणाला, "पप्पा, हे मला द्या."

बरं वाटलं रे. ह्या पोरानं आजवर माझ्या वखारीतली काडी कधी मागितली नव्हती.

तुझा,
हिंदुराव


देहूरोड,
६ मार्च

हिंदुराव,

कानानं ताण जुळवलास म्हणे. चालेल. मला बघितल्याशिवाय खरं वाटणार नाही. गणराजबरोबर पाट पाठव. माझी नात मिनल डिप्लोमाला आहे, तिलाही दाखवायचाय. वीट पाठवू नकोस, वीट आहे इथं.

समाधान


निघोजे,
२० मार्च

समाधान,

पत्राला उशीर झाला. ऑर्डरी आहेत. लाकूड ओलं येतंय. कोंडाजी गावाला गेला.

पाटाचं म्हणशील तर तो रणजीतच्या ऑफिसात आहे. पॉलिश करून घेतो म्हणाला. पॉलिश वाळलं की पाठवतो. मग पाडवा आहे, यात्रा आहे, त्या गडबडीनंतर सवडीनं.

शालनचे गुडघे धरलेत. बाकी ठीक.

तुझा,
हिंदुराव


देहूरोड,
१ एप्रिल

हिंदुराव,

तुझ्या पत्रात एकाचंही बोलणं नव्हतं. कोण काय म्हणालं, काही नाही. तेव्हाच ओळखलं की तू काहीतरी लपवतोयस.

काल मिनलनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. तुमच्या थोरल्या वस्तीचा मांडव. लाल पडदा, धूर, दिवे. त्यात माझा पाट. त्यावर भैरवनाथाचा पितळी मुखवटा. दोऱ्यांवर झेंडूच्या माळा सोडल्यात, एकही दोरी दिसत नाही. खाली पाटी, "अधांतरी भैरवनाथ. स्वयंभू चमत्कार. दर्शनाचा लाभ घ्या." शेजारी तुझ्या पोराचा फोटो, देवापेक्षा मोठा.

मिनल म्हणाली, "आजोबा, हे तुम्ही सांगितलेलं ना?" ते तिच्या वहीत लिहून दिलं मला. मी वही मिटून तिच्या हातात दिली.

मी आयुष्यभर माझ्या पोरांना एकच सांगितलं, की जे दिसतं त्याच्या मागं जाऊन बघा. माझ्या हातचं काम आता लोकांनी मागं जाऊ नये म्हणून माळा घालून बसवलंय. आणि त्याच्यापुढं माझा मित्र हात जोडून उभा असेल.

यात्रेला अजून दिवस आहेत. त्या दिवशी माईकवर सांग की हे लाकूड आहे, दोरी आहे आणि हे कुणी आखलं. सांगणार नसशील तर गणराजच्या हाती पत्र देऊ नकोस. मी ऐकल्यावाचून राहू शकतो.

समाधान


निघोजे,
२ एप्रिल

समाधान,

हात जोडून उभा नव्हतो. पण गप्प होतो, ते खरं.

रणजीतनं मला नीट सांगितलंच नव्हतं. "मंडळाच्या डेकोरेशनला लावतो" म्हणाला. पाडव्याला पाटी दिसली. मी बोलायला लागलो तर म्हणाला, "पप्पा, बबनराव खूश आहेत. तिकिटाचं त्यांच्या हातात आहे. यात्रेपर्यंत कळ काढा." बबनराव म्हणजे आमच्याकडचे तिकीटवाटपाचे मालक. त्यांच्या मानेकडं बघून तालुक्यातली माणसं हसतात किंवा रडतात. मी कळ काढली. एकुलता एक पोरगा आहे, कुठंतरी लागतोय म्हणून.

तुझं पत्र वाचून आज मांडवात गेलो. तुझ्यासाठी ऐकायला गेलो म्हण.

आधी वास. सकाळी दुधाचा अभिषेक झालेला, दूध सतरंजीत मुरलेलं, त्यावर माश्या. माळा पाडव्याच्याच, खालून काळ्या पडून चिकट झालेल्या. नाकाला उपरणं लावून लोक रांगेत. गुंठ्यागुंठ्यानं जमीन विकून बसलेला एक गुंठामंत्री सोन्याची साखळी सावरत फोनवर बोलत होता, "अरं न्हाई, आपल्या प्लॉटिंगला लागूनच हाय. आता रेट वाढनार बघ." दोन पोरं बोलत होती, "भावा, ह्याच्यावर रील टाकली तर लाख व्ह्यू." एक म्हातारा म्हणाला, "नाथ भुईला शिवत न्हाई. कलियुगात भुई बाटली म्हणून." अरे, भुई तुम्हीच विकलीत, ती कशानं बाटली ते नाथाला कशाला विचारता!

मी आत गेलो. पुजारी मला ओळखतो, बाजूला झाला. मनात म्हटलं, निदान तुझ्या दोऱ्यांची खबर घ्यावी. माळेत हात घालून कोपऱ्यातली दोरी छेडली.

वाजलीच नाही.

दुसरी छेडली. मेलेली. मधली, जिच्यावर सगळं वजन, तीसुद्धा ढिली, सुटलेल्या नाडीसारखी. आणि पाट मात्र ताठ. मी माळा बाजूला केल्या. मागच्या अंगाला काचेसारख्या प्लास्टिकचा एक दांडा, अंगठ्याएवढा जाड, खालून वर स्क्रूनं घट्ट बसवलेला. समाधान, टेकू! खुंट्या सैल सोडलेल्या, दोऱ्या नुसत्या शोभेला.

रणजीतला मागं बोलावलं. म्हटलं, "हे काय रे?"

"सेफ्टी, पप्पा."

"दोरी पेलत होती की!"

"दोरीवर कोण विश्वास ठेवतो? मुखवटा पडला तर इलेक्शन गेलं ना."

"मग पाटीवर चमत्कार लिहिलाय तो?"

"तो पब्लिकसाठी."

म्हणजे बघ. ह्या पोराचा देवावर विश्वास नाही, तो त्यानं दांड्यावर बसवलाय. दोरीवरही नाही. खरोखर उभी राहणारी वस्तू हातात असताना ह्यानं तिला खोटी करून उभी केली, आणि मग खोट्यापुढं लोकांना वाकायला लावलं. लबाडी मी धंद्यात पुष्कळ पाहिली. ओल्या लाकडाला कोरडं म्हणून विकणारे पाहिले. पण कोरडं लाकूड मुद्दाम भिजवून, कोरडं म्हणून विकणारा माझ्या घरात निघाला. घरी आलो तर शालननं ताट वाढलं होतं. मी हात धूत बसलो. दुधाचा तो वास जाईना.

मी सांगतो माईकवर. पण एक अडचण आहे. दांडा काढला आणि पाट पडला तर लोक म्हणतील हिंदुरावानं देव पाडला, आणि दोरीचं खरंच कुणाला पटणार नाही. पाट उभा राहिला पाहिजे, मुखवट्यासकट, सगळ्यांसमोर. मी जुळवीन कानानं.

सांगणार नसशील तर पत्र देऊ नको म्हणालास. दिलंय. वाचलंस तर.

हिंदुराव


देहूरोड,
३ एप्रिल

हिंदुराव,

वाचलं.

टेकू? माझ्या पाटाला टेकू?

चमत्कार म्हणाले ते मी अडाणीपणात घातलं असतं. अडाणी माणसाला शिकवता येतं. पण टेकू लावणं म्हणजे मला माझं काम येत नव्हतं असं गावभर सांगणं आहे.

आणि तू काय लिहितोस, कानानं जुळवशील? यात्रेच्या दिवशी मांडवाबाहेर काय काय वाजत असतं ते मी ऐकत नसलो तरी मला आठवतं. छाती हादरते ती अजून कळते. त्या गोंगाटात तुला स्वतःचं नाव ऐकू येणार नाही, दोरी काय ऐकशील?

गणराजला सांग, शनिवारी येताना मला घेऊन जा.

समाधान


निघोजे,
९ एप्रिल

समाधान,

यात्रेच्या दिवशी तू मांडवात होतास, सगळं पाहिलंस. पण ऐकलं नाहीस. म्हणून खातं पुरं करतोय.

मी माईक घेतला तेव्हा बाहेर डीजे दणाणत होता, तरी मांडवातल्या लोकांनी ऐकलं. मी म्हणालो, "हा पाट माझ्या वखारीत झाला. आखला माझ्या मित्रानं, समाधान ओव्हाळ, देहूरोड. यात लाकूड आहे आणि दोरी आहे. चमत्कार नाही. एक प्लास्टिकचा दांडा पण आहे, तो आता काढतो." आधी हशा पिकला. लोकांना वाटलं, मी प्यायलोय. मग माळा तोडल्या तेव्हा शांत झाले.

स्क्रू काढताना पाट करकरला, ते तुला कळलं नसेल. मी दोरीला कान लावला, आणि तू म्हणाला होतास तसंच, काहीसुद्धा नाही. नुसता डीजे. मग तू कोपरानं मला बाजूला केलंस. तुझी बोटं दोऱ्यांवर फिरायला लागली, एक खुंटी, दुसरी, परत पहिली, तेव्हा एक पोरगा म्हणाला, "म्हाताऱ्याला दिसतंय का बरोबर?" दुसरा म्हणाला, "बघतोय कुठं? डोळं मिटलंत." मी दोन्ही तळवे पाटाखाली धरले होते. तू डोळ्यांनी खुणावलंस, हात काढ. काढले. काढताना मी कुठल्या देवाचं नाव घेतलं ते तुला सांगत नाही, चिडशील.

उभा राहिला.

आता लोक काय म्हणाले ते ऐक, आणि तुला शिसारी आली तर मला दोष देऊ नकोस. अर्धा मांडव ओरडला, "चमत्कार!" आधीपेक्षा मोठ्यानं. दांडा माझ्या हातात, दोऱ्या उघड्या, मी घसा फोडून सांगतोय, आणि हे म्हणतात, "बघा, टेकू काढला तरी नाथ उभा!" एक बाई तुझ्या पाया पडायला वाकली. तुला वाटलं तिचं काही पडलं, तूही शोधायला वाकलास. एक मोबाईलवाला माझ्याकडं येऊन म्हणाला, "काका, परत दांडा लावून काढता का? शूट र्‍हायलं." मी तो दांडा त्याच्या डोक्यात घालणार होतो.

पुढच्या रांगेतली गिरजाबाई, आमच्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी, मान वाकडी करून खालून बघत होती. ती म्हणाली, "आगं बाय, ही तर बाजंची सुतळी. ताणली की आख्खं माणूस पेलती, मग देव का न्हाई पेलायची?" एवढ्या गर्दीत एकीला कळलं, आणि तिच्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही.

रणजीत एवढंच म्हणाला, "संपवलंत पप्पा मला." आणि निघून गेला. आता वरच्या मजल्यावर असतो. जेवायला खाली येत नाही. शालन ताट नेऊन ठेवते.

बबनरावही काहीतरी बोलले. ते लिहीत नाही. कामाचं नव्हतं.

पाट मी त्याच दिवशी घरी आणला. धुतलाय. उन्हात आहे.

तुझा,
हिंदुराव


देहूरोड,
१५ एप्रिल

हिंदुराव,

काल जयंतीच्या गडबडीत होतो, म्हणून आज लिहितो.

तुझं खातं पुरं नाही. तू वाक्य गाळलंस. गाळायला नको होतं, कारण ते मला माहीत आहे. मला ओठ वाचता येतात. प्रेस शॉपमध्ये आवाजात कोण कुणाचं ऐकत होतं? तिथंच शिकलो. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की लोक तोंड फिरवून बोलतात. तुझ्याशी मी लबाडी केली असं समजू नकोस, तुझं मला खरंच वाचता येत नाही. तुझ्या मिशा.

बबनरावाला मिशा नाहीत. तू माईकवर असताना तो वळून माझ्याकडं बघायला लागला, तेव्हाच कळलं की माझं पूर्ण नाव घेतलंस, आणि हात मोकळे झाल्यापासून मी त्याच्याकडंच बघत होतो. पाट उभा राहिल्यावर तो तुझ्यापुढं आला आणि म्हणाला, "आता मुखवटा धुवून घ्यावा लागंल." माझ्या हातांकडं बघून म्हणाला.

हे नवीन नाही. घरी येऊन मी जेवलो, झोपलो. पण तुझी पाठ माझ्याकडं होती. तुझे खांदे हलले, तू काहीतरी बोललास. बबनरावाचा चेहरा उतरला आणि तो चपला शोधायला लागला. आजूबाजूची माणसंही गप्प झाली. काय बोललास ते मला दिसलं नाही.

तेवढं लिही. मिळमिळीत बोलला असशील तरी तसंच लिही.

समाधान


निघोजे,
१७ एप्रिल

समाधान,

म्हणजे इतकी वर्षं मी पानंच्या पानं भरतोय आणि तू लोकांचे ओठ वाचतोयस! आणि माझ्याच मिशांना नावं ठेवतोस. शालनला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "कात्री आणू?" खूप दिवसांनी ह्या घरात कुणी हसलं. वरच्या मजल्यापर्यंत गेलं असेल.

पाट गणराजबरोबर पाठवतोय. कोंडाजीनं खोक्यात घालताना मध्ये ठोकळा मारलाय, मी बघत असताना मारलाय, ऐकतच नाही. तू काढशीलच. मिनलला खुंट्या पिळायला दे.

तिकीट गेलं. बबनरावांकडून निरोप आला की रणजीतनं पुढच्या वेळी बघावं. रणजीत माझ्याशी बोलत नाही. बोलेल, नाहीतर नाही बोलणार. मांडवातली सतरंजी काल पोरांनी जाळली, तरी वारा आला की तो आंबूस वास अजून वखारीपर्यंत येतो.

बबनरावांचं ते वाक्य लिहायला माझा हात रेटेना, म्हणून गाळलं. तुझ्यासाठी नव्हे, मला लाज वाटली म्हणून. माझ्या मांडवात, माझ्या पाहुण्याला.

मी म्हणालो, "धुवा की, बबनराव. रोज धुवा. ही सुती दोरी आहे. ज्यानं बांधलीय त्यानं सांगून ठेवलंय, भिजली की ती आणखी ताठ होते."

आवाज चढवला नव्हता मी. त्यांच्यापुरतंच बोललो होतो. पण माईक हातातच होता आणि बंद करायचा राहून गेला होता. बाहेरचा डीजेवालासुद्धा थांबला. आख्ख्या वस्तीनं ऐकलं.

तू सोडून.

तुझा,
हिंदुराव